दुसऱ्याच्या देशात सैन्य का घुसते? कंबोडियाचा धडा

जगात कुठेही युद्ध पेटले की आमच्या अभ्यासगटाच्या व्हॉट्सॲपवर दोन तट पडतात. एकाचे म्हणणे असते, "बरे झाले, त्या हुकूमशहाला कोणीतरी अद्दल घडवायलाच हवी होती." दुसऱ्याचे म्हणणे असते, "हा सगळा तेलाचा खेळ आहे." दोन्ही मते एका ओळीत संपतात आणि चर्चाही तिथेच संपते. गेल्या काही रविवारी विहारात आम्ही हा विषय जरा नीट वाचायला घेतला. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडत आहोत.

हा विषय आपल्यापासून दूरचा वाटतो, पण तो तसा नाही. अत्याचाराच्या प्रकरणात सत्यशोधनासाठी आम्ही एखाद्या गावात जातो, तेव्हा पहिले वाक्य ठरलेले असते: "हा आमच्या गावाचा मामला आहे, बाहेरच्यांनी यात पडू नये." राष्ट्रांच्या भाषेत याच वाक्याला 'अंतर्गत बाब' म्हणतात. गावाच्या वेशीआड काय चालते हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले, त्यांना 'अंतर्गत बाब' हा शब्द ऐकला की शंका येतेच. पण आम्ही दुसरी बाजूही पाहिली आहे. पीडित कुटुंबाच्या दारात बाहेरून येणारा प्रत्येक माणूस न्यायासाठीच येतो असे नाही. कोणी निवडणुकीसाठी येतो, कोणी फोटोसाठी, कोणी जुना हिशेब चुकता करायला. तरीही त्यांच्या येण्याने कधी कधी गुन्हा नोंदवला जातो आणि कुटुंबाला संरक्षण मिळते.

म्हणजे प्रश्न असा आहे: मदतीला येणाऱ्याचा हेतू शुद्ध नसेल, पण त्याच्या येण्याने जीव वाचत असतील, तर आपण काय म्हणायचे? आंतरराष्ट्रीय राजकारणात हा प्रश्न सर्वात उघडपणे विचारणारे उदाहरण म्हणजे १९७८-७९ चा कंबोडिया.

कंबोडियात काय घडले

कंबोडिया हा थेरवाद परंपरेचा बौद्धबहुल देश. १९५३ मध्ये तो फ्रान्सच्या वसाहतवादातून मुक्त झाला. शेजारी व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे युद्ध सुरू होते. राजपुत्र नरोदम सिहानूक यांनी देश तटस्थ ठेवण्याचा प्रयत्न केला, पण उत्तर व्हिएतनामच्या फौजा कंबोडियाच्या सीमाभागाचा वापर करत होत्या. मार्च १९६९ मध्ये अमेरिकेने तिथे गुप्तपणे बॉम्बफेक सुरू केली. मार्च १९७० मध्ये लोन नोल यांनी सिहानूक यांना पदच्युत केले आणि काही आठवड्यांतच अमेरिकी व दक्षिण व्हिएतनामी सैन्य कंबोडियात शिरले. बॉम्बफेक ऑगस्ट १९७३ पर्यंत चालू होती. उद्ध्वस्त खेड्यांमधून ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांना माणसे मिळत गेली.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली. काही दिवसांत शहरे रिकामी करून लोकांना शेतांवर हाकलण्यात आले. चलन बंद झाले, शाळा बंद झाल्या, धर्माचरणावर बंदी आली. भिक्खूंना चीवर उतरवायला लावले, अनेकांना ठार मारले. विहारांची कोठारे झाली, काहींचे तुरुंग झाले. चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी वंशाचे लोक वेचून मारले गेले. राजधानीतील एका शाळेच्या इमारतीत तुओल स्लेंगचा छळतुरुंग उभा राहिला. तिथे १२ हजारांहून अधिक लोक नेले गेले आणि जिवंत राहिले ते अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पावणेचार वर्षांत पाऊण कोटीच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या देशात सुमारे १५ ते २० लाख माणसे हत्या, उपासमार, आजार आणि अतिश्रम यांनी मेली.

जगाने काय केले? फारसे काही नाही. एप्रिल १९७८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ही राजवट मानवाधिकारांचे सर्वात वाईट उल्लंघन करणारी असल्याचे म्हटले, पण ते म्हणण्यापुरतेच राहिले.

शेवटी सैन्य पाठवले ते व्हिएतनामने. ख्मेर रूज १९७७ पासून व्हिएतनामच्या सीमेवरील खेड्यांवर हल्ले करत होते. एप्रिल १९७८ मध्ये बा चुक या गावात त्यांनी तीन हजारांहून अधिक गावकऱ्यांची कत्तल केली. २५ डिसेंबर १९७८ रोजी व्हिएतनामने पूर्ण ताकदीने हल्ला केला आणि ७ जानेवारी १९७९ रोजी नॉम पेन्ह घेतले. हत्याकांड थांबले. पण व्हिएतनामी सैन्य त्यानंतर दहा वर्षे तिथेच राहिले. ते निघाले सप्टेंबर १९८९ मध्ये.

आता या एका घटनेकडे वेगवेगळे सिद्धांत कसे पाहतात ते पाहू.

वास्तववाद: आधी स्वतःची सुरक्षा

आंतरराष्ट्रीय राजकारणातील सर्वात जुना आणि प्रभावी विचार म्हणजे वास्तववाद. हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ मध्ये आणि केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये त्याची आधुनिक मांडणी केली. गाभा साधा आहे. देशाच्या आत पोलीस असतात, न्यायालय असते. देशादेशांच्या वर मात्र असा कोणी नसतो. संकटात धावून येणारा कोणी नाही, म्हणून प्रत्येक राज्य आपली ताकद आणि आपली सुरक्षा पाहते. शेजारी दुबळा असेल तर तिथे आपला शत्रू शिरेल ही भीती, आणि शेजारी बलवान होत असेल तर तो आपल्याच अंगावर येईल ही भीती. सैन्य या भीतीतून हलते.

कंबोडियाच्या बाबतीत हे स्पष्टीकरण बरेच जुळते. व्हिएतनामच्या उत्तरेला चीन, आणि ख्मेर रूजला शस्त्रे व पाठिंबा देणाराही चीनच. दोन्ही बाजूंनी कोंडी होण्याची भीती व्हिएतनामला होती. म्हणून ३ नोव्हेंबर १९७८ रोजी त्याने सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला आणि पुढच्या महिन्यात हल्ला केला. ख्मेर रूजने १९७५ पासून स्वतःच्या लोकांना मारायला सुरुवात केली होती. हनोईने तेव्हा सैन्य पाठवले नाही. ते पाठवले स्वतःची सीमा पेटल्यावर.

पुढचे सगळेही याच चौकटीत बसते. १७ फेब्रुवारी १९७९ रोजी चीनने व्हिएतनामला 'धडा शिकवण्यासाठी' हल्ला केला. आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी त्याच वेळी चीनच्या दौऱ्यावर होते. त्यांना दौरा अर्धवट सोडून परतावे लागले. अमेरिकेला सोव्हिएत संघाविरुद्ध चीन हवा होता, म्हणून तीही व्हिएतनामच्या विरोधात उभी राहिली.

एक तुलना लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच १९७९ च्या एप्रिलमध्ये टांझानियाच्या सैन्याने युगांडात शिरून इदी अमीनची राजवट उलथली. तिथेही आधी सीमेवर हल्ला झाला होता आणि तिथेही अत्याचारी राजवट गेली. पण टांझानियाला व्हिएतनामसारखी शिक्षा झाली नाही. कृत्य जवळपास सारखे, निकाल वेगळा, कारण महासत्तांच्या पटावर दोघांची जागा वेगळी होती.

मात्र वास्तववादी म्हणजे युद्धखोर असा समज करून घेऊ नये. मॉर्गेन्थाऊ यांनी व्हिएतनाममधील अमेरिकी युद्धाला विरोध केला होता. इराकवर हल्ला होण्याआधी, सप्टेंबर २००२ मध्ये, वॉल्ट्झ आणि जॉन मिअरशायमर यांच्यासह ३३ अभ्यासकांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात देऊन हे युद्ध अमेरिकेच्या हिताचे नाही असे बजावले होते. हिताचा हिशेब नीट केला तर अनेक युद्धे टळतात, असे त्यांचे म्हणणे. या विचाराची अडचण दुसरीकडे आहे. त्याच्या हिशेबात तुओल स्लेंगमधल्या माणसाला जागाच नाही.

उदारमतवाद: माणसाचे हक्क की राज्याचे हक्क?

ती जागा उदारमतवाद देऊ पाहतो. व्यक्तीचे हक्क, लोकशाही, व्यापार आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांमुळे युद्ध कमी होते, हा त्याचा विश्वास. मायकेल डॉयल यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की लोकशाही देश सहसा एकमेकांशी लढत नाहीत. पण त्यांनीच दुसरी बाजूही सांगितली. हेच लोकशाही देश बिगर-लोकशाही देशांशी लढायला मात्र कचरत नाहीत, कधी कधी तर धर्मयुद्धाच्या आवेशात लढतात.

उदारमतवादाच्या पोटातच एक ताण आहे. ज्या इमान्युएल कांट यांना हा विचार आपला पूर्वज मानतो, त्यांनी १७९५ मध्ये शाश्वत शांततेच्या अटी लिहिताना दुसऱ्या राज्याच्या राज्यव्यवस्थेत बळाने हस्तक्षेप करू नये, ही अटही घातली होती. म्हणजे माणसाचे स्वातंत्र्य जपायचे आणि राष्ट्राचेही जपायचे. राज्यच आपल्या माणसांचा गळा घोटत असेल तर यातले कोणते निवडायचे?

या प्रश्नाला २००५ च्या जागतिक शिखर परिषदेत एक उत्तर दिले गेले. त्याला 'संरक्षणाची जबाबदारी' म्हणतात. आपल्या लोकांना वंशसंहारापासून वाचवणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य आहे, आणि राज्य त्यात उघडपणे अपयशी ठरले तर सुरक्षा परिषदेमार्फत जगाने पाऊल उचलावे, असे त्यात मान्य झाले. १७ मार्च २०११ रोजी लिबियासाठी हे तत्त्व वापरले गेले. नागरिकांच्या संरक्षणासाठी बळाचा वापर करण्यास परवानगी देणारा ठराव १० विरुद्ध ० मतांनी संमत झाला. भारत, चीन, रशिया, जर्मनी आणि ब्राझील तटस्थ राहिले. पण नागरिकांच्या संरक्षणासाठी सुरू झालेली मोहीम गद्दाफींची सत्ता उलथण्यापर्यंत गेली. ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मारले गेले आणि त्यानंतर लिबिया सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेला. राजवट पाडणाऱ्यांकडे पुढच्या दिवसाची तयारी नव्हती.

कंबोडियात तर उदारमतवाद आणखी उघडा पडतो. मानवाधिकारांची भाषा बोलणाऱ्या अमेरिकेने हत्याकांड थांबल्यानंतर काय केले? सप्टेंबर १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत कंबोडियाची जागा कोणाला द्यायची यावर मतदान झाले. ७१ विरुद्ध ३५ मतांनी ती जागा ख्मेर रूजच्याच प्रतिनिधीकडे राहिली, आणि अमेरिकेचे मत त्या ७१ मध्ये होते. लाखो माणसे मारून पळालेली राजवट जगाच्या सर्वोच्च व्यासपीठावर कंबोडियाच्या नावाने बसत राहिली. भारताने मात्र जुलै १९८० मध्ये नॉम पेन्हमधील नव्या सरकारला मान्यता दिली.

मार्क्सवादी विचार: नफा कुठे आहे?

"सगळा तेलाचा खेळ आहे" या मताचे मूळ इथे आहे. लेनिन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडले की भांडवलशाहीला बाजारपेठ, कच्चा माल आणि गुंतवणुकीसाठी नवी जागा लागते, त्यासाठी जगाची वाटणी होते आणि वाटणीसाठी युद्धे होतात. इमॅन्युएल वॉलरस्टाइन यांच्यासारख्या नंतरच्या अभ्यासकांनी जगाकडे केंद्र आणि परिघ असे पाहिले. परिघावरचा देश केंद्राच्या हिताविरुद्ध जाऊ लागला की त्याला जागेवर आणले जाते.

याचे पुरावे इतिहासात भरपूर आहेत. १९५१ मध्ये इराणच्या मोसादेग सरकारने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले होते. ते सरकार १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तचर यंत्रणांच्या मदतीने पाडले गेले. १९५२ मध्ये ग्वाटेमालाच्या सरकारने जमीन सुधारणा आणली आणि एका बलाढ्य अमेरिकी फळ कंपनीची पडीक जमीन त्यात जाऊ लागली. तेही सरकार १९५४ मध्ये पाडले गेले. भूमिहीनांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ग्वाटेमालाचे हे प्रकरण अवश्य वाचावे.

पण प्रत्येक कुलपाला ही किल्ली लागत नाही. व्हिएतनामला कंबोडियात तेल नव्हते, बाजारपेठ नव्हती. उलट दहा वर्षे त्याला आर्थिक बहिष्कार सोसावा लागला. आणि मोठा पेच म्हणजे इथे लढणारे सगळेच स्वतःला समाजवादी म्हणवत होते. व्हिएतनाम, कंबोडिया, चीन, सगळेच. कामगारांना देश नसतो असे मानणारे देश एकमेकांवर रणगाडे घालत होते. याच युद्धांनी अस्वस्थ होऊन बेनेडिक्ट अँडरसन यांनी राष्ट्रवादावरचे 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' हे प्रसिद्ध पुस्तक १९८३ मध्ये लिहिले. समाजशास्त्राच्या वर्गात आपण ते वाचतो, पण ते कंबोडियाच्या रणांगणातून निघाले हे अनेकांना माहीत नसते. वर्गाच्या विश्लेषणातून राष्ट्र सुटले होते, तसेच आपल्याकडे ते करताना जात सुटते.

रचनावाद: कारण कोणते चालते ते काळ ठरवतो

अलेक्झांडर वेंट आणि मार्था फिनेमोर यांच्यासारखे रचनावादी अभ्यासक म्हणतात की 'हित' आणि 'धोका' या गोष्टी जमिनीत पुरलेल्या नसतात, त्या समाजात घडतात. कोण आपला, कोण परका आणि कशासाठी सैन्य पाठवणे 'योग्य', हे माणसे मिळून ठरवतात, आणि ते बदलते.

फिनेमोर यांनी दिलेले उदाहरण मजेशीर आहे. एके काळी कर्जवसुलीसाठी युद्धनौका पाठवणे हे रीतसर मानले जाई. डिसेंबर १९०२ मध्ये ब्रिटन, जर्मनी आणि इटली यांनी व्हेनेझुएलाच्या बंदरांची नाकेबंदी केली ती थकलेल्या कर्जासाठी. १९०७ च्या हेग परिषदेत अशा वसुलीवर बंधने आली. आज कर्ज बुडवणाऱ्या देशावर कोणी बॉम्ब टाकत नाही. कर्ज देणाऱ्यांचा लोभ तेवढाच आहे, पण ती रीत आता लाजिरवाणी ठरली आहे.

कंबोडियाबाबत रचनावाद दोन गोष्टी दाखवतो. पहिली शत्रुत्वाची. मेकाँगच्या मुखाचा प्रदेश एके काळी ख्मेरांचा होता आणि व्हिएतनामींनी तो घेतला, ही आठवण ख्मेर रूजने विखारी केली. स्वतःपेक्षा कितीतरी बलाढ्य शेजाऱ्यावर हल्ला करणे हे सुरक्षेच्या कोणत्याही हिशेबात बसत नव्हते. द्वेषाच्या हिशेबात ते बसत होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. व्हिएतनामकडे जगाला सांगण्यासारखे सर्वात मोठे कारण होते की आम्ही एक हत्याकांड थांबवले. पण त्याने ते कायदेशीर कारण म्हणून पुढे केले नाही. त्याचा बचाव होता की ही दोन वेगळी युद्धे आहेत: एक आमचे सीमेचे स्वसंरक्षण आणि दुसरे कंबोडियन जनतेचा उठाव. जानेवारी १९७९ मध्ये सुरक्षा परिषदेत फ्रान्सच्या प्रतिनिधीने सरळ सांगितले की एखादी राजवट घृणास्पद आहे म्हणून बाहेरच्यांनी ती पाडावी, हा विचारच धोकादायक आहे. त्या काळात 'माणसे वाचवली' हे कारण चालत नव्हते. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, कोसोव्होसाठी नाटोने सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय ७८ दिवस बॉम्बफेक केली तेव्हा हेच कारण सर्वात पुढे होते. आणि २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला करताना रशियानेही डोनबासमध्ये वंशसंहार चालू असल्याचा दावा केला. चांगला शब्द एकदा रूढ झाला की तो सज्जनाच्या हातात जातो, तसाच लबाडाच्याही हातात जातो.

आपलाच आरसा: १९७१ आणि १९८७

दुसऱ्यांच्या युद्धावर बोलणे सोपे असते. म्हणून भारताकडेही पाहू. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराने केलेल्या अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ९ ऑगस्टला भारताने सोव्हिएत संघाशी करार केला. ३ डिसेंबरला पाकिस्तानने हवाई हल्ले केले, युद्ध झाले आणि १६ डिसेंबरला बांगलादेश मुक्त झाला. व्हिएतनामच्या कहाणीशी हे किती जुळते पाहा: निर्वासित, सीमेवर हल्ला, सोव्हिएत करार, जलद विजय. जगाची प्रतिक्रियाही जुळते. ७ डिसेंबर १९७१ रोजी आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्ध थांबवून सैन्य मागे घेण्याचा ठराव केला होता.

फरक पुढे आहे. भारतीय सैन्य मार्च १९७२ पर्यंत परतले, कारण तिथे निवडून आलेले आणि लोकांनी मानलेले नेतृत्व होते. व्हिएतनाम दहा वर्षे राहिले.

आणि १९८७ मध्ये भारताने श्रीलंकेत शांतिसेना पाठवली, ती तर तिथल्या सरकारशी करार करून. तरीही ज्या तामिळांच्या हक्कांसाठी ती गेली, त्यांच्यातीलच लढवय्या संघटनेशी तिला लढावे लागले, आणि सिंहली राष्ट्रवाद्यांनाही ती नको होती. १९९० मध्ये ती परतली तोवर सुमारे १२०० भारतीय जवान मारले गेले होते, आणि तामिळ नागरिकांवरील अत्याचारांचे आरोपही तिच्यावर झाले. एकच देश, सोळा वर्षांचे अंतर, अगदी वेगळा परिणाम.

हस्तक्षेप न करणे हाही निर्णयच

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की सैन्य पाठवूच नये. त्यांनी रवांडा आठवावा. १९९४ मध्ये तिथे सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे, प्रामुख्याने तुत्सी, मारली गेली. संयुक्त राष्ट्रसंघाची फौज तिथे होती. कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने २१ एप्रिलला ती वाढवली नाही, उलट २७० पर्यंत कमी करण्याचा निर्णय घेतला. आदल्या वर्षी सोमालियात १८ अमेरिकी सैनिक मारले गेले होते, आणि रवांडात कोणत्याही महासत्तेचा मोठा स्वार्थ नव्हता. स्वार्थ असला की चुकीचे हस्तक्षेप होतात, स्वार्थ नसला की आवश्यक हस्तक्षेपही होत नाही. जगाच्या आजच्या रचनेचे हे खरे दुखणे आहे.

बाबासाहेब, पंचशील आणि रोहिणीचे पाणी

एप्रिल १९५४ मध्ये भारत आणि चीन यांच्या करारात 'पंचशील' आले. एकमेकांच्या अंतर्गत बाबींत हस्तक्षेप न करणे हे त्यातील एक तत्त्व. शब्द आपल्या धम्मातला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेत बाबासाहेबांनी या धोरणावर टीका केली. माओ यांचा पंचशीलावर खरोखर विश्वास असता तर त्यांनी स्वतःच्या देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांचा युक्तिवाद होता. शब्द कितीही पवित्र असो, तो उच्चारणारा स्वतःच्या घरातील दुबळ्यांशी कसा वागतो ते पाहा, ही ती कसोटी. ती आजही प्रत्येक राष्ट्राला लावता येते, आपल्यालाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेला वाद सांगितला आहे. शाक्य संघाच्या सभेत सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ त्याला विरोध करतो. पण तो नुसते "युद्ध नको" म्हणून थांबत नाही. आधी दोष कोणाचा याची चौकशी करा, दोन माणसे आपली, दोन त्यांची, आणि त्या चौघांनी पाचवा निवडावा, असा प्रस्ताव तो ठेवतो. बहुमत त्याच्या विरोधात जाते आणि त्याची किंमत तो गृहत्यागाने मोजतो. भावनेच्या भरात असलेल्या सभेपुढे चौकशीची मागणी करणे, हे धैर्याचे काम आहे.

मग आपण काय करायचे?

चारही सिद्धांत कंबोडियातील सत्याचा एकेक तुकडा सांगतात. व्हिएतनाम का गेले? मुख्यतः स्वतःच्या सुरक्षेसाठी. त्यामुळे हत्याकांड थांबले का? होय. मग तो उपकार होता का? ज्यांचे प्राण वाचले त्यांच्यासाठी होय. नंतरची दहा वर्षे परक्या सैन्याखाली काढलेल्यांसाठी उत्तर इतके सोपे नाही. ही सगळी उत्तरे एकाच वेळी खरी आहेत. म्हणून पुढच्या वेळी युद्धाची बातमी आली की संदेश पुढे पाठवण्याआधी आम्ही आमच्या गटात पाच प्रश्न विचारायचे ठरवले आहे:

१. अत्याचार नेमके केव्हा सुरू झाले आणि सैन्य नेमके केव्हा हलले? मधल्या काळात काय बदलले?

२. ज्यांना वाचवायचे म्हणतात, त्या लोकांनी स्वतः काय मागितले आहे?

३. निर्णय एकट्याचा आहे की सर्वांसमोर चौकशी होऊन झाला आहे?

४. सैन्य परत कधी येणार आणि नंतरची सत्ता कोणाची?

५. वाचवणारा देश आपल्या सीमेतील दुबळ्यांशी कसा वागतो? निर्वासितांना दार उघडतो का?

शेवटी एक गोष्ट सांगायलाच हवी. कंबोडियातील शांतता केवळ सैन्याने आली नाही. १९९१ चा पॅरिस करार झाला, संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली १९९३ मध्ये निवडणुका झाल्या. आणि १९९२ मध्ये, सुरुंग अजून जमिनीत असताना, भिक्खू महाघोषानंद निर्वासित छावण्यांतील लोकांना घेऊन थायलंडच्या सीमेवरून नॉम पेन्हपर्यंत पायी चालत गेले. ख्मेर रूजच्या काळात त्यांचे कुटुंब संपले होते. त्यांच्याकडे सूड मागण्याचे प्रत्येक कारण होते. त्यांनी धम्मयात्रा काढली.

न्यायाला मात्र फार उशीर लागला. पोल पॉट १९९८ मध्ये हत्याकांडाची शिक्षा न भोगताच मेला. हयात असलेल्या बड्या नेत्यांना वंशसंहाराच्या गुन्ह्यात दोषी ठरवायला २०१८ साल उजाडले. म्हणजे हत्याकांड थांबल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे. सैन्य दोन आठवड्यांत राजवट पाडू शकते, पण न्याय उभा करायला माणसांना पिढी खर्ची घालावी लागते. आपल्या गावागावांत अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे लढवणाऱ्या कार्यकर्त्यांना हे वेगळे सांगायची गरज नाही.

जयभीम.